दुबईत नवीन आलेल्या फिलिपिनो सहकाऱ्याला पैशाचं काय सांगायचं : पहिल्या पगारापासून परत जाईपर्यंत

आखातात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला फिलिपिनो सहकारी काही नवीन नाहीत. हॉटेल, हॉस्पिटल, मॉलचं कॅश काउंटर, ऑफिसचं रिसेप्शन, जिथे बघाल तिथे ते आहेतच, आणि मर्चंट नेव्हीत गेलेल्या आपल्या कोकणातल्या नि गोव्यातल्या पोरांना तर विचारायलाच नको. मी इथे दुबईत एका कंपनीत अकाउंट्स आणि पगाराचं काम बघतो, त्यामुळे नवीन आलेली फिलिपिनो पोरं-पोरी पहिल्याच महिन्यात माझ्या टेबलापाशी येतात, सर पगार कधी, घरी पैसे कुठून पाठवायचे, कार्ड कधी मिळणार. आपल्यातले कितीतरी जण इथे सुपरवायझर, एचआर, कॅम्प बॉस आहेत, काहींनी तर फिलिपिनो मुलीशी लग्नही केलंय, आणि तरी त्यांच्याकडची पैशाची आणि कागदांची व्यवस्था नक्की कशी चालते हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून काढतोय.

आधी माझं मुख्य म्हणणं सांगतो. फिलिपिन्स सरकारने बाहेर जाणाऱ्या माणसासाठी बऱ्यापैकी पक्की व्यवस्था उभी केलीये, १९७४ च्या लेबर कोडपासून हे चालूये आणि १९९५ नंतर तर त्याला वेगळा कायदाच आहे. २०२४ मध्ये बाहेरच्या फिलिपिनोंनी बँकांमार्फत घरी पाठवलेली रक्कम ३,४४९ कोटी डॉलर होती. एवढा पैसा जातो, पण पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर किती राहतो हे कोणी विचारत नाही. जुन्या काळी गिरणीतला चाकरमानी पगार झाला की अख्खी मनीऑर्डर गावी लावायचा आणि स्वतः खोलीत दहा जणांत झोपायचा, तसंच आहे हे. घरी पाठवू नका असं कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. पण पाठवायच्या आधी स्वतःचा वाटा बाजूला काढायचा, एवढं जर पहिल्या महिन्यात डोक्यात बसलं तर पुढचं सोपं जातं.

पहिलं काम : कागद बघा

पैशाच्या आधी कागद, कारण कागद नसले की पुढे पैसाच जातो. त्याला किंवा तिला तीन गोष्टी विचारा : कॉन्ट्रॅक्टची कॉपी आहे का, ओईसी घेऊन आलास का, आणि ओवाची मेंबरशिप चालू आहे का.

ओईसी म्हणजे बाहेर कामाला जायचं सरकारी क्लिअरन्स. ते डीएमडब्ल्यू देतं, म्हणजे त्यांचं स्थलांतरित कामगारांचं खातं, २०२१ च्या कायद्याने वेगळं खातं झालं, त्याआधी हेच काम पीओईए करायचं आणि जुनी माणसं अजून तेच नाव घेतात. ओईसी असलं की मनिलाच्या एअरपोर्टवर प्रवास कर आणि टर्मिनल फी माफ होते, इमिग्रेशनवालाही अडवत नाही. ओवा म्हणजे कामगारांचा कल्याण निधी, फी २५ डॉलर आणि ती दोन वर्षं किंवा कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत चालते. त्यात मृत्यू आणि अपंगत्वाचा लाभ, मुलांच्या स्कॉलरशिप, अडचणीत सापडल्यावर घरी परत न्यायची मदत असं बरंच येतं. दोन वर्षांनी रिन्यू करायला लोक विसरतात, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी होतं.

आता इथली खरी गोष्ट अशी की दुबईत बरेच जण व्हिजिट व्हिसावर येतात, नातेवाइकाकडे राहतात, नोकरी शोधतात आणि मग व्हिसा बदलतात. अशा माणसाकडे ओईसी नसतंच. इथे काम करायला त्याचं काही अडत नाही, पण पहिल्या सुट्टीला घरी गेला की परतताना मनिलात अडकतो, तिकीट वाया, आणि वेळेत हजर झाला नाही म्हणून नोकरीवरही गदा. तेव्हा सुट्टीच्या बऱ्याच आधी इथल्या मायग्रंट वर्कर्स ऑफिसमधून, दुबईत आणि अबूधाबीत दोन्हीकडे आहे, कॉन्ट्रॅक्ट व्हेरिफाय करून घ्यायचं. ओवाची मेंबरशिपही इथूनच घेता येते. तुम्ही एचआरमध्ये असाल तर त्यासाठी लागणारे कंपनीचे कागद लगेच द्या, त्यात तुमचं काही जात नाही.

आणखी एक, जे त्यांनाही बऱ्याचदा माहीत नसतं. एजन्सीमार्फत आलेल्या कामगाराचा विमा एजन्सीने स्वतःच्या खर्चाने काढायचा असतो, २०१० च्या दुरुस्तीपासून सक्तीच आहे. नैसर्गिक मृत्यूला किमान १०,००० डॉलर, अपघाती मृत्यूला १५,०००, कायमच्या अपंगत्वाला ७,५००. शिवाय मालकाने पगार बुडवला तर तिकडची एजन्सीही मालकाइतकीच जबाबदार धरली जाते, म्हणून एजन्सीचं नाव, लायसन्स नंबर आणि पैसे दिल्याची पावती यांचे फोटो फोनमध्ये आणि ईमेलवर ठेवायला सांगा. मूळ कागद कंपनीने ठेवून घेतले, पासपोर्टसकट, असं झालं तर ते इथल्या कायद्यातही बसत नाही.

दुसरं : येताना किती कर्ज घेतलंय

हा प्रश्न नाजूक आहे, चारचौघांत विचारू नका. फिलिपिन्सच्या नियमाप्रमाणे एजन्सीची प्लेसमेंट फी जास्तीत जास्त एका महिन्याच्या पगाराएवढी, तीही कॉन्ट्रॅक्टवर सही झाल्यावर आणि पावती घेऊनच. घरकामाला येणाऱ्या बायकांकडून आणि खलाशांकडून तर एक पेसोसुद्धा घ्यायचा नाही. तरी ट्रेनिंग, मेडिकल, प्रोसेसिंग अशा नावांनी पैसे उकळले जातात आणि ते उभे करायला घरच्यांनी फाइव्ह-सिक्सवाल्याकडून कर्ज काढलेलं असतं. फाइव्ह-सिक्स म्हणजे पाच घ्यायचे आणि सहा फेडायचे, तेही थोड्याच दिवसांत.

कागदावर यादी करायला लावा : कोणाचं, किती, व्याज किती, हप्ता कधी. सगळ्यात महाग व्याजाचं आधी फेडायचं. मामाचे बिनव्याजी घेतलेले पैसे सहा महिने थांबू शकतात, फाइव्ह-सिक्सवाला थांबत नाही. पण होतं उलटं, मामा रोज मेसेज करतो म्हणून त्याला आधी जातात.

तिसरं : पहिला पगार कसा वाटायचा

समजा एका कॅशियर मुलीचा पगार २,५०० दिरहम आहे आणि कंपनीची अकोमोडेशन नाही. दुबईतल्या सतवा किंवा देरा भागात बेडस्पेस घेतला, म्हणजे खोलीतला फक्त एक बेड, तर त्याचे ६००-७०० गेले समजा. खाणं ४००, फोन आणि बस-मेट्रो मिळून २५०. साबण, औषध, एखादा वाढदिवस यांचे १०० धरा. म्हणजे हातात उरले ११०० च्या आसपास. आता घरच्यांना माहीत असतं की पोरगी २,५०० कमावते, त्याला १५-१६ पेसोंनी गुणलं की ३८-३९ हजार पेसो होतात, आणि गावाकडे हा आकडा खूप मोठा वाटतो. बेडस्पेसचं भाडं कोणाला दिसतच नाही. म्हणून माझा पहिला सल्ला नेहमी हाच असतो की घरी पगार सांगू नकोस, खर्च वजा जाता उरतात ते सांग, आणि दर महिन्याला जमेल एवढा एकच आकडा ठरवून सांग. ८०० ठरले तर ८००. पहिल्या महिन्यात उत्साहाने १५०० पाठवले की दुसऱ्या महिन्यात ८०० पाठवल्यावर घरी वाटतं काहीतरी बिनसलंय.

उरलेल्या ३०० मधून स्वतःचा वाटा. तो कुठे टाकायचा ते पुढे सांगतो.

१३ व्या पगाराचंही इथेच सांगून टाका. फिलिपिन्समध्ये डिसेंबरात १३ वा पगार कायद्याने मिळतो, १९७५ पासून. यूएईत असा कायदा नाही. पण तिकडे सप्टेंबर लागला की ख्रिसमसची तयारी सुरू होते, घरच्या अपेक्षाही तिथूनच सुरू होतात आणि पोरं ती भागवायला क्रेडिट कार्ड घेतात. त्यापेक्षा जानेवारीपासून दरमहा थोडे दिरहम बाजूला टाकले तर डिसेंबरात स्वतःचाच छोटासा १३ वा पगार होतो, आणि हे बऱ्याच जणांनी केलेलं मी बघितलंय. शाळेच्या फीचंही तसंच, ती जूनमध्ये येते, अचानक येत नाही.

चौथं : पैसे पाठवताना

मागे पगाराच्या दिवशी संध्याकाळी मी आमच्याकडच्या एका नवीन मुलीबरोबर मनी एक्स्चेंजला गेलो होतो. टोकन घेऊन उभे होतो, मोठी लाइन. तिचा नंबर आला आणि तिने काउंटरवर चार नावं सांगितली : आईला ४००, इलोइलोला शिकणाऱ्या भावाला २००, आजीच्या औषधाला १५०, आणि एका मावशीला ५०. चार व्यवहार, चार फिया. काउंटरवरचा माणूस सवयीने चार पावत्या काढायला लागला. मी म्हटलं थांब जरा, आईचं खातं आहे ना, मग सगळे ८०० आईला पाठव आणि वाटप तिला करू दे, नाहीतर तू ॲपवरून पेसोंमध्ये भावाला वळते कर. ती म्हणाली, "सर, पण मावशीला वाटेल की मी तिला आईच्या हातून दिले." म्हणजे बघा, प्रश्न फक्त फीचा नव्हता. मग आम्ही मधला मार्ग काढला, दोन व्यवहार केले, मावशीचे आईबरोबर गेले पण मावशीला तिने तिथेच लाइनीत उभं राहून व्हॉइस मेसेज केला.

हिशोब सांगतो. फी समजा २० दिरहम. चार वेळा पाठवलं तर ८०, म्हणजे १,२०० पेसोंच्या वर गेले, आणि तेवढ्यात तिचा एसएसएसचा, म्हणजे तिकडच्या पेन्शन योजनेचा, महिन्याचा हप्ता निघतो. दुसरं म्हणजे रेट. बोर्डावर लिहिलेला रेट आणि फी दोन्ही एकत्र बघायचं. १,००० दिरहमला एकीकडे १५.४० आणि दुसरीकडे १५.६५ मिळत असेल तर २५० पेसोंचा फरक पडतो, झिरो फी लिहिलेल्या ठिकाणी तो बहुतेक वेळा रेटमध्येच कापलेला असतो. म्हणून एकच प्रश्न विचारायचा, इथून १,००० दिरहम दिले तर तिकडे हातात किती पेसो पडतील. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५ ला एक, त्यामुळे रेट हलतो तो पेसोमुळे. पण रेट वाढेल म्हणून आठवडाभर पैसे खिशात ठेवून बसू नका, त्यात मिळतं थोडं आणि खर्च होतात जास्त.

आणि हो, दुसऱ्याच्या नावावर, मित्राच्या आयडीवर, व्हॉट्सॲपवरच्या चांगल्या रेटवाल्याकडून पैसे पाठवू नका. पैसे बुडाले तर तक्रार करायला कागद नसतो, आणि पैसे कुठून आले हे विचारलं गेलं तर अडकतो तो कामगारच.

जहाजावर असलेल्यांचं वेगळं आहे. फिलिपिनो खलाशाच्या स्टँडर्ड कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहिलेलं असतं की बेसिक पगाराच्या किमान ८० टक्के रक्कम दरमहा घरच्या माणसाला जाणार. त्यामुळे तुमच्या शेजारच्या केबिनमधल्या फिटरकडे पैसे नसतात याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. त्याला एवढंच सांगा की ते खातं कोणाच्या नावावर आहे ते नीट ठरव, जमलं तर तुझ्या नावावर आणि बायकोच्या नावावर मिळून.

पाचवं : स्वतःचा वाटा

इथे जरा सावकाश वाचा, कारण ह्याच पायरीवर सगळ्यात जास्त लोक टाळाटाळ करतात.

एसएसएस म्हणजे त्यांची पेन्शनची योजना. २०१८ च्या कायद्याने बाहेर काम करणाऱ्यांनाही सक्तीची झालीये. २०२५ पासून दर १५ टक्के आहे आणि बाहेरच्या कामगाराला हिशोबाचा किमान पगार ८,००० पेसो धरतात, म्हणजे कमीत कमी हप्ता १,२०० पेसो, साधारण ७७-७८ दिरहम. पेन्शनसाठी १२० महिन्यांचे हप्ते भरलेले लागतात. मधे खंड पडला तरी आधीचे फुकट जात नाहीत, पण राहून गेलेले जुने महिने नंतर कधीही भरता येतात असंही नाही. बाहेरच्यांना एक सवलत आहे ती लक्षात ठेवा : जानेवारी ते सप्टेंबरचे हप्ते त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतात, ऑक्टोबर ते डिसेंबरचे पुढच्या वर्षीच्या ३१ जानेवारीपर्यंत. म्हणजे एखादा महिना कडकीचा गेला तर पुढे भरून काढता येतो. तिकडे आधी मॉलमध्ये वगैरे नोकरी केली असेल तर एसएसएस नंबर असणारच, दुसरा काढू नका, आयुष्यभर एकच नंबर असतो. ऑनलाइन अकाउंट उघडायचं, मेंबरचा प्रकार बाहेरचा कामगार असा बदलून घ्यायचा, पेमेंटचा रेफरन्स नंबर काढायचा आणि ॲपवरून किंवा एक्स्चेंजवरून भरायचं.

पाग-इबिग हा घरासाठीचा फंड. महिन्याला २०० पेसो, फेब्रुवारी २०२४ पासून, आधी १०० होते. २४ महिने भरले की घराच्या कर्जाला अर्ज करता येतो, आणि बहुतेक सगळ्यांना घरच बांधायचं असतं, तर हे पहिल्या महिन्यापासून सुरू करायलाच हवं.

त्याच फंडाची एमपी-टू नावाची बचत आहे, ती मला स्वतःला फार आवडते. पाच वर्षांची, एका वेळी किमान ५०० पेसो, दर महिन्याला भरायलाच हवेत अशी सक्ती नाही, सरकारची हमी, आणि लाभांशावर टॅक्स नाही. २०२२ ला ७.०३ टक्के, २०२३ ला ७.०५ आणि २०२४ ला ७.१० टक्के दिलेत. दर पक्का नसतो, दरवर्षी जाहीर होतो. महिन्याला २,००० पेसो म्हणजे १३० दिरहमच्या आत टाकले तर पाच वर्षांत भरलेले होतात १ लाख २० हजार, आणि ७ टक्के धरून लाभांश आतच ठेवला तर हातात येतात साधारण १ लाख ४३ हजार. मधेच काढता येत नाहीत असं नाही, पण लाभांश कापला जातो, आणि मला तरी ही अडचण नसून सोयच वाटते. घरून फोन आला की "ते पाच वर्षांसाठी अडकलेत" असं खरं खरं सांगता येतं.

म्हणजे वरच्या ३०० दिरहमचं झालं असं : ७८ एसएसएस, १३ पाग-इबिग, १३० एमपी-टू, आणि राहिलेले ७०-८० इथल्याच खात्यात अडीअडचणीला आणि वर सांगितलेल्या डिसेंबरच्या डब्याला. फार नाहीये, मान्य. कर्ज फिटेपर्यंत एमपी-टू थांबवलं तरी चालेल पण एसएसएस थांबवू नका.

तिकडच्या बँकेत पैसे ठेवत असाल तर एका बँकेत एका माणसाचे १० लाख पेसोंपर्यंत विमा असतो, मार्च २०२५ पासून, आधी ५ लाख होता. आणि बाहेर कमावलेल्या पगारावर त्यांना तिकडे इन्कम टॅक्स नाही. कोणी एजंट तिकडचा टॅक्स भरावा लागेल म्हणून पैसे मागत असेल तर तो फसवतोय.

इथला बेरोजगारी विमाही बघा, १६,००० दिरहमपर्यंत बेसिक असेल तर महिन्याला ५ दिरहम, काढला नाही तर ४०० दिरहम दंड. सलग १२ महिने भरलं असेल आणि नोकरी गेली तर बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. घरकामवाल्यांना तो लागू नाही.

सहावं : घर, जमीन आणि कोणाच्या नावावर

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. बाहेरचा माणूस पैसे पाठवतो, घर भाऊ बांधतो, कागद काकाच्या नावावर. कोणाची नियत वाईट असते असं नाही, पण दहा वर्षांनी कोणाच्या लक्षात काय राहतं. जमीन घ्यायची असेल तर तिकडच्या माणसाला मुखत्यारपत्र द्यावं लागतं, ते इथल्या फिलिपिन्स कॉन्सुलेटमध्ये करून मिळतं. त्यात मोघम लिहू नका. अमुक जमीन, अमुक व्यवहार, माझ्या नावावर खरेदी करायची, एवढंच. विकायचा आणि गहाण टाकायचा अधिकार कधीही देऊ नका.

जॉइंट खातं उघडताना फॉर्मवर दोघांच्या नावांमध्ये "आणि" आहे की "किंवा" ते वाचा. "किंवा" असेल तर एकटा माणूस सगळे पैसे काढू शकतो. घरखर्चाचं खातं "किंवा"चं असू दे, बचतीचं स्वतःच्या एकट्याच्या नावावर.

सातवं : भिशी आणि दामदुप्पट

पालुवागान म्हणजे सरळ आपली भिशी. एका खोलीतल्या, एका शिफ्टच्या लोकांची असेल, सगळे रोज एकमेकांचं तोंड बघत असतील तर ती चालते. पण ऑनलाइन ग्रुपवरची, ज्यात कोणीच कोणाला भेटलेलं नाही आणि जिथे टाकलेल्याच्या दीडपट मिळतात, ती भिशी नाही. २०१९ मध्ये तिकडे कापा नावाच्या संस्थेचं प्रकरण झालं, देणगी द्या आणि दर महिन्याला ३० टक्के आशीर्वाद म्हणून घ्या, असं सांगून लोकांकडून पैसे गोळा केले. शेवटी सरकारने ती बंद केली. कुठल्याही योजनेत पैसे टाकण्याआधी ती तिकडच्या एसईसीकडे, म्हणजे कंपन्या आणि गुंतवणुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, नुसती रजिस्टर आहे की लोकांकडून पैसे घ्यायची वेगळी परवानगीही आहे, हे विचारायचं, दोन्ही वेगवेगळं असतं.

इथल्या बँकेच्या लोनवर देशबांधवासाठी गॅरंटर व्हायचं नाही. तो निघून गेला की हप्ता गॅरंटरकडे येतो, केस झाली तर ट्रॅव्हल बॅन लागू शकतो आणि आईच्या मयतालाही जाता येत नाही. हे कडक वाटतं, पण नाही म्हणायला शिकवा.

बॉक्सचं थोडक्यात

बालिकबायान बॉक्स, म्हणजे घरी जहाजाने पाठवायचा तो मोठा खोका, त्याचा आनंद कोणी हिरावून घेऊ नये. वर्षात तीनदा, मिळून १ लाख ५० हजार पेसोंपर्यंतच्या सामानावर ड्युटी नाही, फक्त एकाच वस्तूचा ढीग नको, विक्रीचा माल वाटतो. फॉरवर्डर रजिस्टर्ड आहे का बघा, फार स्वस्त असेल तर बॉक्स मनिलाच्या बंदरातच पडून राहिल्याची उदाहरणं आहेत. सामानाच्या यादीचा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा.

शेवटी : सुट्टी आणि परत जाणं

सुट्टीला जाताना त्याच मालकाकडे त्याच जागी परत येणार असेल तर ओईसीचं काम ऑनलाइनच होतं, डीएमडब्ल्यूचं ॲप आहे. नोकरी बदललेली असेल तर नवीन कॉन्ट्रॅक्ट आधी व्हेरिफाय. तिकीट काढायच्या आधी हे करा, नंतर नाही. ओईसी साठ दिवसच चालतं.

कायमचं जायचं असेल तर ग्रॅच्युइटी. एक वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, त्यापुढे ३० दिवसांचा. बेसिकचा, पूर्ण पगाराचा नाही. २,५०० मधला बेसिक १,५०० असेल तर वर्षाला १,०५० दिरहम, तीन वर्षांचे ३,१५०. म्हणून सही करताना बेसिक किती लिहिलाय ते बघायचं, नंतर माझ्यासमोर येऊन रडून उपयोग नसतो, आणि असे रडलेले मी बघितलेत. शिल्लक रजेचे पैसे आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये असेल तर तिकीट यांचाही हिशोब मागून घ्यायचा, आणि पैसे खात्यात आल्याशिवाय सगळं मिळालं असं लिहिलेल्या कागदावर सही करायची नाही.

एक्झिटच्या आधी क्रेडिट कार्ड बंद केल्याचं बँकेकडून लेखी घ्या, सिम बंद करा, पण तिकडच्या बँकेला आणि एसएसएसला जो नंबर दिलाय तो आधी बदलून घ्या, नाहीतर ओटीपी दुबईच्या बंद सिमवर जात राहतो. तिकडे पोचल्यावर ओवाच्या कार्यालयात जाऊन परत आलेल्यांसाठीच्या योजनांची चौकशी करायची, अडचणीत परतलेल्यांना छोट्या धंद्यासाठी २० हजार पेसोंपर्यंत मदत मिळते, आणि एसएसएसमध्ये मेंबरचा प्रकार पुन्हा बदलून हप्ते चालू ठेवायचे, जोपर्यंत १२० होत नाहीत तोपर्यंत.